वांग्याचा सातबारा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सांगायला लागलो की मला मध्ये थांबता येत नाही. माझ्या एकुलत्या एका मुलाची जमत आलेली सोयरीक मी जेवता जेवता मोडायला काढली होती. भांडणावरून नाही, मानपानावरून नाही. वांग्यावरून!

म्हणजे वांग्याची काही चूक नव्हती. वांगं फारच गुणी होतं. चूक सगळी माझ्या तोंडाची.

त्याचं असं आहे, मी दीपनगरच्या वीज केंद्रात स्टोअरकीपर होतो. एकतीस वर्षांत चलनाशिवाय एक नट आत घेतला नाही. कुठून आला, कुणी पाठवला, कुणी तपासला हे लिहिल्याशिवाय मला चैनच पडायची नाही. मग रिटायर झालो आणि लिहायला काही उरलं नाही. त्यातच डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं.

तेवढ्यात भुसावळला सेंद्रिय अन्नावर एक व्याख्यान ऐकलं. वक्ते म्हणाले, पोटात जाणाऱ्या प्रत्येक भाजीचा माग काढता आला पाहिजे. वावर कुणाचं, कुणाच्या नावावर, पाणी कुठलं, गुरं किती, आणि शेजारच्या वावरात फवारणी होते का? हे पाच प्रश्न विचारल्याशिवाय घास तोंडात घालू नका.

अहो, हे तर माझंच खातं! मी त्याच संध्याकाळी दोनशे पानी वही आणली.

दुसऱ्या दिवसापासून भुसावळच्या बाजारात मी म्हणजे एक संकटच झालो. मेथीची जुडी उचलायची आणि विचारायचं, गाव कुठलं? वावर कुणाचं? खत काय घातलं? एक भाजीवाली कंटाळून म्हणाली, "काका, मेथी रांधाची हाय का तिच्यासंगं सोयरीक कराची हाय?"

पण खोटं कशाला बोलू? फरक पडला. आमची शोभा म्हणजे आमच्या सौभाग्यवती, त्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, अंबाडीची भाजी, उडदाची डाळ, असं आईच्या वेळचं सगळं परत सुरू केलं. साखर उतरली, गुडघे कुरकुरायचे थांबले. मग काय विचारता! अख्ख्या कॉलनीत मी ज्याला-त्याला पकडून अन्नाचा माग शिकवू लागलो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमचा प्रशिक जळगावला बँकेत आहे. तिथंच दवाखान्यात नर्स असलेली करुणा त्याला आवडली आणि तिलाही तो आवडला. मुलगी यावलजवळच्या एका खेड्यातली. वडील राजाभाऊ शेती करतात, आणि घरात त्यांची आई, अक्का. मोठ्यांनी एकदा बसून बोलायचं, एवढंच बाकी होतं.

करुणानं मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवली होती. "आमच्या घरी देण्याघेण्याचा एक शब्द जरी कुणी काढला, तरी मी उठून जाईन. मग लग्न विसरायचं."

मला तर ही अट फारच आवडली. आमच्या घरात हुंडा हा शब्दच नाही. मी छाती पुढे काढून म्हणालो, "पोरगी अगदी माझ्या विचारांची आहे!"

निघताना शोभानं बजावलं, "अहो, आज तोंड फक्त जेवायला उघडायचं."

"आणि जय भीम म्हणायला?"

"तेवढं म्हणा."

थंडीचे दिवस होते. राजाभाऊंच्या अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून त्यावर हिरवीगार वांगी भाजायला टाकलेली. अक्का स्वतः लाकडी बडगीत मिरची, लसूण आणि वांगी ठेचत बसल्या होत्या. तो वास आला आणि माझा निम्मा संयम दारातच सुटला.

ओसरीवर पंगत बसली. भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, वर कच्चे शेंगदाणे. पहिला घास घेतला मात्र, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटानं नाही हो, आनंदानं! अशी वांगी मी जन्मात खाल्ली नव्हती. आता सांगा, अशा वांग्याची नोंद वहीत नसावी?

मी डाव्या हातानं खिशातून वही काढली. शोभानं डोळे वटारले. मी तिकडे बघितलंच नाही.

"राजाभाऊ, वावर तुमचं स्वतःचं?"

"हो."

"किती आहे?"

"अडीच एकर."

मी लिहिलं. "कुणाच्या नावावर?"

राजाभाऊंचा घास हातात राहिला. "आईच्या."

"सातबारा हाताशी आहे का? गट नंबर लागेल."

प्रशिकला ठसका लागला. शोभानं कोपरखळी मारली. मला वाटलं, तिला भाकरी हवी असेल, म्हणून मी भाकरी तिच्याकडे सरकवली.

"विहीर?"

"आहे."

"सामाईक की एकट्याची?"

"एकट्याची," राजाभाऊ आता ताटाकडे बघून बोलत होते.

"वा! गाई किती?"

"एकच आहे."

"एकच?" माझा चेहरा पडला असावा, कारण वाईट मला मनापासून वाटलं. एका गाईच्या शेणावर अडीच एकर कसं निभणार? मी म्हणालो, "एकीनं कसं भागायचं हो? निदान दोन तरी पाहिजे होत्या."

दारात करुणा भरिताचं पातेलं घेऊन उभी होती. तिनं ते खाली ठेवलं. जरा जोरातच ठेवलं.

आणि मी? मी आणखी पुढे! "माझी पद्धत स्पष्ट आहे, राजाभाऊ. नुसत्या शब्दावर मी काही मान्य करत नाही. जेवण झालं की वावर, विहीर, गाय सगळं डोळ्यांनी बघतो. पटलं तर नोंद करू, नाही तर राहिलं. आणि हो, तुमच्यामागं हे सगळं कोण बघणार? करुणाच ना?"

करुणा फिरली आणि आत निघून गेली. आतलं दार धाडकन लागलं. प्रशिकचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा," एवढंच तो म्हणाला.

मला खरंच कळेना, झालं काय? भरीत तर अजून भरपूर शिल्लक होतं!

मग अक्का उठल्या. सावकाश माझ्यासमोर आल्या, कानातली सोन्याची फुलं काढली आणि माझ्या उघड्या वहीवर ठेवली.

"लिहा पाहुने, हे बी लिहा. वावर लिवलं, इहीर लिवली, गाय लिवली. हे कायले सोडता? पन एक आयका. पोर काही इकाले काढेल नही आम्ही."

ते सोनं बघून मी इतका गोंधळलो की काय बोलतोय ते माझं मलाच समजलं नाही. हात जोडून ओरडलो, "अक्का, हे कशाला? मला फक्त तुमच्या गाईचं शेण बघायचं आहे!"

राजाभाऊंनी ताट बाजूला सारलं.

अशा वेळी बायको धावून येते ती उगाच नाही. शोभानं वही हिसकावली, फुलं अक्कांच्या हातात ठेवली आणि मागची पानं मोठ्यानं वाचायला लागली. "मेथी, एक जुडी. शेणखत, दोन गाड्या. शेजारी कपाशी, फवारणीचा संशय. मेथी परत. भेंडी, पाव किलो. विहिरीचं पाणी. विक्रेती रागीट, तरी भेंडी घेतली." मग अक्कांना म्हणाली, "आई, हा माणूस हुंडा मागत नाही हो. हा वांग्याची चौकशी करतोय!"

आधी राजाभाऊंच्या मिशा हलल्या. मग अक्का पदर तोंडाला लावून अशा हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. आतलं दार मात्र बंदच होतं.

अक्कांनी मला वावरात नेलं. वांग्यांच्या ओळी दाखवल्या, उकिरडा दाखवला, गाय दाखवली. म्हणाल्या, "हे वांग्याचं बी माह्या मायनं देल्हं मले लगनात. तिले तिच्या सासूनं देल्हं. दरसाली आम्ही चांगलं वांगं पिकू देतो न त्याचंच बी राखेत ठेवतो. आनखी काय माग काढाचा तुमाले?" कागद नाही, शिक्का नाही, आणि तीन पिढ्यांची नोंद तोंडपाठ! मला माझ्या वहीची पहिल्यांदाच लाज वाटली.

परत आलो तर करुणा ओसरीवर बसली होती, मांडीवर माझी वही. हाताची घडी, नजर थेट माझ्यावर. आता सगळं तिच्यावर होतं. प्रशिक तर श्वासही जपून घेत होता.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही आमच्याकडचं सगळं विचारलंत. आता मी विचारते. तुमच्या घरी मी आले तर जे खाईन, ते कुठलं असेल?"

अहाहा! हाच प्रश्न तर मला पाहिजे होता. मी ताठ बसलो. "पोरी, आमच्या घरात एक काडीसुद्धा माग काढल्याशिवाय येत नाही. गिलकी साकेगावची, पालक वरणगावचा, दोडकी..."

"अहो, पुरे," शोभा म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला होता. "पोरीला पहिल्याच दिवशी खोटं नको. करुणा, हे बाजारातून वही भरून आणतात आणि पिशवी रिकामी. दुपारी स्वयंपाकाला काही लागतं की नाही? मी आपली गेटवरच्या हातगाडीवाल्याकडून भाजी घेते आणि तोंडाला येईल ते गाव सांगते."

"म्हणजे साकेगाव?" मी विचारलं.

"मनानंच."

"आणि वरणगावची ती म्हातारी, जी फवारणीला कडुलिंबाचा पाला वापरते?"

"ती पण."

"मग माझी साखर कशी उतरली?"

"कळण्याच्या भाकरीनं. आणि रोज दोन तास बाजारात भाज्यांशी वाद घालत फिरल्यानं!"

करुणा बघत राहिली. एकदा माझ्याकडे, एकदा शोभाकडे. मग जी हसायला लागली, ती थांबेचना. डोळे पुसत तिनं शोभाचा हात धरला आणि वडिलांना म्हणाली, "आबा, मला पसंत आहे."

"पोरगा?" राजाभाऊंनी विचारलं.

"सासूबाई!"

प्रशिक बिचारा आपल्यालाही कुणी पसंत केलंय की नाही ते बराच वेळ बघत राहिला.

लग्न थाटात झालं. अक्का आता आल्यागेल्याच्या हाती वांगी पाठवतात. ती आली की मी एक अक्षर विचारत नाही, नुसता चुलीकडे बघत बसतो. इतर भाज्यांचं मात्र जुनं खोड अजून जात नाही. सून सुट्टीला घरी आली होती, ताटात चवळीच्या शेंगा होत्या. राहवलं नाही, सहज विचारलं, "कुठल्या गं या?"

सासू-सून एकदम बोलल्या. एकीनं फैजपूर सांगितलं, दुसरीनं रावेर. मग दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि शोभा माझ्याकडे वळून म्हणाली, "शिवेवरच्या आहेत. जेवा गुपचूप!"