मागचा आवाज

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात आतल्या खिडकीपाशी बसून रफू करणाऱ्या बाईला सगळे रफूबाईच म्हणत. कोटाला भोक पडलं, शालीला कसर लागली, की तो कपडा तिच्या मांडीवर येई. ती आधी तो उलटा करी. "सुलटी बाजू गिऱ्हाईक बघतं. काय झालंय ते मला मागनंच कळतं," असं तिचं म्हणणं. आणि बोलणंही साधारण एवढंच. दिवसभरात तिच्या तोंडून दहा वाक्यं निघाली, तर मालक म्हणे, "आज बाईंनी सभाच घेतली!"

असल्या बाईला नवरा कसा मिळावा? तर गल्लीनं त्याचं नावच रेडिओ ठेवलं होतं. तो पंखे दुरुस्त करायचा आणि काम करता करता पंख्याशी बोलायचा. जेवताना बोलायचा, दाढी करताना बोलायचा, झोपेतसुद्धा कुणाशी तरी वाद घालायचा. "अहो, दमत कसे नाही?" ती विचारायची. "तुझ्या वाटणीचंही मलाच बोलावं लागतं ना," तो म्हणायचा. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच तो गेला. पहिला महिना तर तिला घरातल्या भांड्यांचा आवाजही सोसवत नव्हता.

फोटो होते भिंतीवर. पण फोटोतला रेडिओ काय कामाचा?

त्याचा आवाज एकाच ठिकाणी उरला होता. वीस वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात त्यानं कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला आणि सबंध लग्न स्वतः टिपलं. कॅमेरा त्याच्याच हातात, त्यामुळे त्या कॅसेटमध्ये तो एकदाही दिसत नाही. ऐकू मात्र येतो तो एकटाच. "नवरदेव, हसा की जरा, फोटोच काढतोय, जबानी नाही घेत!" "ह्या काकूंनी तिसऱ्यांदा ताट भरलंय, सर्वांनी नोंद घ्यावी." मधेच खोकला. मधेच, "अगं, माणसांच्या मागे काय लपतेस? जरा उजेडात ये." हे रफूबाईला. ती कॅसेटभर कुणाच्या ना कुणाच्या खांद्यामागे अर्धीमुर्धी दिसते. उजेडात काही आली नाही.

धाकटी आजही कुरकुरते, "भाऊजींनी बडबडून माझ्या लग्नाची माती केली." त्या दिवशी तर ती रडकुंडीला आली होती. तेव्हा रफूबाई कॅमेऱ्याजवळ गेली आणि म्हणाली, "आता गप्प बसा हो जरा!" हेही कॅसेटमध्ये आहे, अगदी स्वच्छ. आणि तो गप्प बसला. जन्मभर बायकोचं एक ऐकलं नाही, ऐकलं ते नेमकं तेव्हा. पुढची चाळीस मिनिटं जेवणं आहेत, हसणं आहे, रडारड आहे; तो नाही.

दर रविवारी मुलाकडून कॅसेट लावून घेऊन रफूबाई ती चाळीस मिनिटंसुद्धा शेवटपर्यंत बघायची. एखादा शब्द निसटला असेल, निदान खाकरला असेल, म्हणून टीव्हीला कान लावून बसायची. स्वतःच्या त्या पाच शब्दांसाठी तिनं स्वतःला अजून माफ केलं नव्हतं.

मग तिच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी लग्नानंतर दोन दिवसांच्या प्रवासावरच्या गावी जाणार होती. रफूबाईचा मुलगा म्हणाला, "ताईच्या लग्नाचं शूटिंग मीच करणार." हा मुलगा सरळ बापावर गेलेला. घरोघर पार्सलं पोचवायचा आणि प्रत्येक पार्सलाबरोबर एक विनोद फुकट द्यायचा. "कर. पण कॅमेरा मी निवडणार," रफूबाई म्हणाली. मुलगा बघतच राहिला. आईला टीव्हीचा रिमोट सुलटा कुठला आणि उलटा कुठला ते अजून कळत नव्हतं.

कॅमेऱ्यांच्या दुकानातला सेल्समन तरुण, चटपटीत. त्यानं काचेवर एक चकचकीत कॅमेरा ठेवला आणि झूम, उजेड, रंग, सगळं एका दमात सांगितलं. समोरच्या इमारतीवर वाळत घातलेल्या मोज्याचं भोकसुद्धा त्यानं पडद्यावर दाखवलं. रफूबाईनं ते भोक नीट बघून घेतलं, मग कॅमेरा हातात घेऊन उलटा फिरवला आणि त्याची मागची बाजू बघत राहिली.

"तुम्ही धरा हा," ती म्हणाली, "आणि धरल्याधरल्या काहीतरी बोला."

सेल्समन बोलला. मग रेकॉर्डिंग लावलं. रस्त्यावरचे हॉर्न आले, मुलाचं हसणं आलं. सेल्समनचा स्वतःचा आवाज मात्र विहिरीच्या तळातून आल्यासारखा.

"हीच तर गंमत आहे, बाई!" तो खूश होऊन म्हणाला. "शूटिंग करणाऱ्याचा आवाज हा आपोआप दाबून टाकतो. मागची बडबड येतच नाही."

"ते बंद करता येतं?"

"नाही. पण बंद कशाला करायचंय?"

"मला मागचाच आवाज हवाय," रफूबाई म्हणाली.

सेल्समननं मुलाकडे बघितलं. मुलगा अचानक बाहेरचे मोजे बघायला लागला होता.

दुसऱ्या कॅमेऱ्याची तीच तऱ्हा. शेवटी सेल्समननं सगळ्यात खालच्या फळीवरून धूळ बसलेलं एक खोकं काढलं. जुनं मॉडेल. तो नाखुशीनंच चार वाक्यं बोलला आणि लावून दाखवलं. चित्र बरं होतं. आवाज मात्र थेट कानात बोलल्यासारखा. त्याच्या तोंडातली खोकल्याची गोळी दातावर आपटली, तीही ऐकू आली.

"बघा, सांगत होतो ना," तो ओशाळून म्हणाला. "ह्यात धरणाऱ्याचा श्वाससुद्धा येतो. लोक तक्रारी करतात."

"हाच द्या."

लग्नाच्या हॉलमध्ये मुलानं कॅमेरा उचलला आणि तोंडही उघडलं. खुर्चीवर डुलक्या घेणाऱ्या काकांची त्यानं मुलाखत घेतली, नवरदेवाच्या बुटांचं कौतुक केलं, फुलवाल्याला "आपलं मत काय?" म्हणून विचारलं. लोक हसत होते. रफूबाई नेहमीप्रमाणे चार बायकांच्या मागे उभी होती आणि लग्नापेक्षा तोच आवाज ऐकत होती.

निरोपाची वेळ आली. नवरी एकेकाच्या गळ्यात पडायला लागली, तरी मुलाचं चालूच. तेव्हा धाकटी मावशी कडाडली, "अरे, तोंड आवर! बापानं माझं नासवलं, आता तू हिचं नासव!"

मुलगा गप्प झाला. कॅमेरा चालू राहिला.

ही शांतता रफूबाईच्या चांगल्या ओळखीची होती. दर रविवारी ती हिच्याचसमोर चाळीस मिनिटं बसत होती. तिनं पुढच्या दोघींना बाजूला सारलं आणि सरळ कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बोला ना हो," ती म्हणाली. "गप्प नका बसू. कितीही बोला."

कुणीतरी फिसकन हसलं. "अगं, पोटच्या पोराला अहो-जाहो काय करतेस?" नवरी हसली नाही. ती जिथे होती तिथेच उभी राहिली. मुलाला आईची चूक कळली, आणि ती दुरुस्त करायची नाही हेही कळलं. तो खाकरला.

"मग जरा उजेडात ये," तो म्हणाला.

ती आली. इतकी पुढे आली, की चित्रात आता नुसता तिचा खांदा दिसतो, तोही धूसर. दूरच्या गावी मुलगी ते पुन्हा पुन्हा लावते. आधी थोडा वेळ खांद्याच्या अलीकडून भावाचा श्वास ऐकू येतो, मग तो बोलायला लागतो.