चाकावरच्या पांढऱ्या रेषा

माझ्या बाळांनो, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं मला म्हणालात, "आजी, तो ब्रश दाखव ना, व्हिडिओतला!" मी म्हटलं, नेटवर्क नीट नाही, आणि फोन ठेवला. नेटवर्क चांगलं होतं. मला तो ब्रश दाखवायचा नव्हता.

तुमच्या शाळेत सगळ्यांनी तो व्हिडिओ पाहिला असं तुमचा बाबा सांगत होता. डोक्यावर टोपी घातलेली, साडी खोचून गाडीच्या चाकाशी बसलेली तुमची आजी, हातात ब्रश, आणि मागून गाड्यांचे आवाज. तुम्हाला त्याचं कौतुक वाटतं, आणि ते मला दर वेळी टोचतं. त्या दिवशी पुढे काय झालं ते बाबाला माहीत आहे. तुम्ही लहान आहात म्हणून त्याने ते तुमच्यापर्यंत येऊ दिलं नाही. मला वाटतं, व्हिडिओ पाहण्याइतके मोठे आहात तर उरलेलंही ऐकण्याइतके आहात.

आजोबा गेल्यावर त्यांची लहान लाल गाडी भिवंडीत टेमघरला आमच्या इमारतीखाली कव्हर घालून उभी होती. मला ती चालवता येत नाही. विकून टाकावी म्हणून मी जवळच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याला सगळे उस्ताद म्हणतात. त्याने कव्हर काढलं, बॅटरी जोडली, गाडी सुरू केली आणि बॉनेटवर हात ठेवून इंजिनाचा आवाज ऐकला.

"बेचना मत, मॅडम," तो म्हणाला. "कबाडी के पास जायेगी. आमच्याकडे द्या, रविवारी पळवू. तुम्ही पण या बघायला."

रविवारी मी गेले. घडीची खुर्ची, छत्री आणि चहाचा थर्मास घेऊन. जवळच राहनाळला गोदामांच्या मागे एक मोठं आवार आहे. रविवारी तिथे कंटेनर येत नाहीत आणि मालकाची हरकत नसते. जुने टायर आणि ड्रम मांडून त्यांनी वळणांचा रस्ता तयार केला होता. एका वेळी एकच गाडी त्यातून सुटायची आणि सगळ्यात कमी वेळात जी परत येईल ती जिंकली. बक्षीस म्हणाल तर हरलेल्यांनी जिंकलेल्याला वडापाव खायला घालायचा.

त्या आवारात मला माझी माणसं मिळाली. उस्ताद एक. बँकेत काम करणारी एक मुलगी, जी वेळ मोजायची आणि उस्तादला न घाबरता ओरडायची. आणि राहनाळचाच एक तिशीतला माणूस, गोदामाचा टेम्पो चालवणारा. आमची गाडी तोच पळवायचा, कारण बाकी कोणापेक्षा ती त्याचं ऐकायची.

पहिल्याच दिवशी तो गाडीभोवती फिरून मला म्हणाला, "आज्जी, ही गाडी हाय का शिलाईमशीन? आवाज बघा."

"शिलाईमशीनवर मी तुझ्यापेक्षा वेगात जाईन," मी म्हटलं.

"घ्या! आज्जी आपल्यातली हाय," तो इतरांना म्हणाला. मला काय आनंद झाला होता ते तुम्हाला सांगून कळणार नाही. आजोबा गेल्यापासून कोणी माझी थट्टा केली नव्हती. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे.

त्याने मला ते आवारही दाखवलं. "इथं आमची भाताची खाचरं व्हती. आता त्याच्यावरच गाडी फिरवतो. बापाला सांगू नका, त्यो म्हनंल नांगर धर म्हनलं तर पळाला आन् आता इथंच गोल गोल फिरतोय."

हळूहळू मी नुसती बघणारी राहिले नाही. त्यांच्यात एक पद्धत आहे. चाक काढून परत बसवलं की त्याचे नट जो घट्ट करतो, त्याने स्वतःच ते ठीक आहेत असं म्हणायचं नाही. दुसऱ्या माणसाने येऊन प्रत्येक नटावर पाना लावून जोर देऊन बघायचा, आणि मगच ब्रशने एक पांढरी रेषा ओढायची, नटावरून खाली चाकाच्या पत्र्यापर्यंत, एकसलग. नट जरा जरी फिरला तरी रेषा तुटते, नटावरचा तुकडा एकीकडे आणि पत्र्यावरचा दुसरीकडे दिसतो. लांबूनही कळतं. तशी वाकडी रेषा दिसली की ज्याला दिसली त्याने ओरडायचं. मग शर्यत थांबते, कोणी रागावत नाही.

हे काम त्यांनी मला दिलं. उस्ताद म्हणाला, "मॅडम का हात सीधा है." खरंच होतं ते. मी आयुष्यभर कॉलेजच्या ऑफिसात इंग्रजी पत्रं तपासली. पत्र हातात आलं की आधी समास सरळ आहे का ते बघायचे, मजकूर नंतर. माझ्या हाताखालच्या मुली याला हसायच्या. मला वाटायचं, हसू देत, माझ्या टेबलावरून वाकडं काही जात नाही.

गेल्या हिवाळ्यात वज्रेश्वरीच्या वाटेवर एका माळावर मोठी स्पर्धा झाली. कल्याणहून, नाशिककडून, कुठून कुठून हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन आले होते. एकमेकांना हरवायला आलेली ही माणसं सकाळपासून एकमेकांच्या गाडीखालीच झोपलेली होती. कोणाचा पंख्याचा पट्टा तुटला तर शेजारच्याने आपला काढून दिला. आमच्या टेम्पोवाल्याने भाकरी आणि सुकट आणली होती, उस्तादच्या घरून बिर्याणीचं पातेलं आलं होतं, आणि अनोळखी लोक थाळ्या घेऊन आमच्याकडे रांग लावून उभे होते. मी सगळ्यांना वाढत होते. इतकी सुखी मी कित्येक वर्षांत नव्हते, आणि त्या दिवशीचं ते सुख आठवलं की मला आता लाज वाटते.

टेम्पोवाल्याने पहिली फेरी झकास मारली. बँकेतल्या मुलीने घड्याळात वेळ पाहिला आणि ती किंचाळलीच. दुसऱ्या फेरीत तसाच आला असता तर आमचा नंबर नक्की होता. त्याने माझ्याजवळ येऊन हळूच सांगितलं, "आज्जी, आज जिकलो ना, तर बापाला इथं घेऊन येनार पुढच्या साली. दावनार त्याला."

मधल्या वेळात उस्तादने पुढचं उजवं चाक काढलं. ब्रेक घासल्यासारखा वाटत होता, तो बघायला. बघून झालं, चाक परत बसवलं, नट हाताने फिरवून लावले, आणि पाना उचलणार इतक्यात बँकेतली मुलगी धावत आली. आयोजक सगळ्यांना सूचना द्यायला बोलावत होते, उशीर झाला तर फेरी बाद. "आधी चला, नंतर करा!" म्हणत तिने उस्ताद आणि टेम्पोवाला दोघांनाही ओढून नेलं. मी तेव्हा पातेलं झाकत होते. चाक काढलं होतं हे मला नंतर कळलं.

मी गाडीशी परत आले तेव्हा दुसऱ्या एका संघातली मुलगी मोबाइल घेऊन आली. "आजी, तुम्ही ते रेषा काढता ना? एकदा काढा ना, मी व्हिडिओ घेते."

मी खाली बसले. चारही नटांवरच्या माझ्याच सकाळच्या रेषा वाकड्या झाल्या होत्या. नटावर एक तुकडा, पत्र्यावर भलतीकडे दुसरा.

यापुढचं मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. मला त्या दिसल्या नाहीत असं मी म्हणू शकत नाही. दिसल्या. मनात काहीतरी आलंही. पण ती मुलगी मोबाइल धरून हसत होती, "मस्त, मस्त, आजी, इकडे बघा," म्हणत होती, आणि मला त्या रेषा नुसत्या गबाळ्या वाटल्या. व्हिडिओत असं गबाळं काम दिसू नये असं वाटलं. मी रॉकेलचा बोळा घेतला, जुन्या रेषा पुसल्या आणि चार नव्या, सुबक, सरळ रेषा ओढल्या. पाना माझ्या शेजारी मातीत पडला होता. तोही व्हिडिओत दिसतो, नीट पाहिलंत तर.

उस्ताद घाईघाईने परत आला, पान्यासाठी वाकला, आणि त्याला चाकावर ताज्या रेषा दिसल्या. त्याला वाटलं, मॅडमनी घट्ट करून घेतलं. आमच्याकडे रेषेचा अर्थ तोच होता. त्याने पाना पेटीत टाकला.

दुसऱ्या फेरीत तिसऱ्या वळणावर ते चाक निखळलं. गाडी त्या बाजूला खाली बसली आणि मुरमाच्या बांधावर जाऊन आदळली. स्टिअरिंग उलटं फिरलं आणि टेम्पोवाल्याचा उजवा हात त्यात सापडला. हेल्मेट आणि पट्टा होता म्हणून बाकी काही झालं नाही. मनगट मात्र दोन ठिकाणी मोडलं. लोकांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा तो म्हणत होता, "गाडीला लय लागलं का?"

भिवंडीला दवाखान्याच्या बाहेर बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. उस्ताद म्हणाला, "गलती मेरी. हात से घुमाके छोड दिया." बँकेतली मुलगी रडत म्हणाली, "मी तुम्हाला ओढून नेलं. माझ्यामुळे झालं." "तू चूप, तेरा क्या काम." "माझंच काम होतं!" दोघं दोष आपल्याकडे ओढण्यासाठी भांडायला लागले.

मी सांगितलं. रेषा वाकड्या होत्या, मी त्या पाहिल्या आणि पाना न लावता पुसून नव्या काढल्या.

मग उस्ताद फार मऊ आवाजात म्हणाला, "जाने दो मॅडम. आप को क्या मालूम." मुलीने माझा हात धरला. "आजी, तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

ते प्रेमाने बोलत होते, आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. वर्षभर ते काम मी केलं होतं. मला माहीत होतं.

काही दिवसांनी मी राहनाळला टेम्पोवाल्याच्या घरी गेले. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून तो बसला होता. टेम्पो दुसरा कोणी चालवत होता. त्याच्या आईने चहा ठेवला. मी त्यालाही सगळं सांगितलं.

"तुमाला दिसलं व्हतं?" त्याने विचारलं.

"हो."

"आन् वरडला न्हाय?"

"नाही."

"वरडायचं ना, आज्जी! तेवढंच तर काम व्हतं. तुमी पुसलंत?" त्याचा आवाज चढला. "कशापायी पुसलंत?"

"वाईट दिसत होतं म्हणून."

त्याची आई आतून बाहेर आली. "आरं, मोठ्या मानसाशी असं बोलत्यात?"

"बोलू दे, आये. आपल्यातल्या हायेत म्हनून बोलतोय. पाव्हनी असती तर चा पाजून पाठवली असती." मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "हात वळला न्हाय तर मी काय करू, सांगा."

मी चहा घेतला नाही. त्यानेही घ्या म्हटलं नाही.

गाडी मात्र लवकर बरी झाली. स्पर्धेतल्या अनोळखी लोकांनी आपापल्या अडगळीतून सुटे भाग पाठवले. एक दरवाजा आता निळा आहे. कोणी माझ्याकडून काही घेतलं नाही. "आजींची गाडी आहे," म्हणाले. त्यांना कोणी खरं सांगितलेलं नव्हतं. नंतर मी सांगितलं. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी विषय बदलला.

प्लास्टर निघालं, व्यायाम झाले, आणि उन्हाळ्यात तो टेम्पोवर परत रुजू झाला. टेम्पो त्याला चालवता येतो. शर्यतीत स्टिअरिंग झटकन पूर्ण वळवावं लागतं, तेवढं त्याचं मनगट वळत नाही. त्याने दोनदा करून पाहिलं. दुसऱ्या वेळी अर्ध्या वळणात थांबला, गाडीतून उतरला आणि किल्ली बँकेतल्या मुलीच्या हातात दिली. "तू चालव. मी टायम बघतो."

मी रेषांचं काम सोडते म्हणाले होते. त्यानेच नाही म्हटलं. "सोडून कुटं जाता? करा नीट." आता पाना लावताना तो माझ्यासमोर उभा राहतो आणि प्रत्येक नटाला माझा हात कसा जोर देतो ते बघतो. पूर्वीसारखी थट्टा करत नाही. मला माफ केलंस का, असं मी त्याला विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. ते विचारून त्याच्यावर आणखी एक ओझं टाकण्याचा मला हक्क नाही.

म्हणून तो व्हिडिओ कोणाला दाखवलात तर हेही सांगा. मला तुमच्या मित्रांसमोर कमी वाटणार नाही.

गाडी अजून चालते. आम्ही चौघं दर रविवारी राहनाळच्या आवारात अजून जमतो. तो येतो, घड्याळ हातात धरून उभा राहतो, आणि गाडी चालवत नाही.