गणपतरावांची टाळी

कंपवाताच्या रुग्णांसाठी भरणाऱ्या व्यायामवर्गाच्या दाराशी माझ्या पत्नीचे पाऊल जमिनीला खिळले. या आजारात तसे होते. कचेरीसमोर तीस वर्षे अर्ज लिहून मी भल्याभल्या साहेबांना पाझर फोडला आहे. सबब अत्यंत समर्पक शब्दांत मी तिला विनविले. पाऊल हलले नाही. तेवढ्यात आतून गणपतराव आले. पूर्वीचे बँडवाले, हात तिच्यासारखेच थरथरणारे. टाळी वाजवत म्हणाले, "वहिनी, डावा! एक-दोन, एक-दोन!" आणि ती हसत आत गेली.

तिच्या कंपावर मी हौसेने आणलेले कवचबीजाचे आयुर्वेदिक चूर्ण डॉक्टरांनी "गोळ्यांबरोबर हे नको" म्हणून बंद करविले होते. चूर्णाने गुण आला असता तर मी धन्य झालो असतो. परक्याच्या टाळीने आलेला गुण मात्र काळजाला झोंबला.

घरी स्वयंपाकघराच्या दाराशी ती पुन्हा थबकली. मी घसा खाकरला.

"अहो, अर्ज नका करू. नुसती टाळी वाजवा."

मी वाजवली. पाऊल जेमतेम उचलले.

"जरा जलद. गणपतरावांसारखी."

क्षणभर माझे हात तसेच राहिले. मग मी गणपतरावांसारखी वाजवली.