उपासाच्या रविवारी खाल्लेली चार बिस्किटं

गुरुवारी मॅरेनचा गर्भ पडला. दहावा आठवडा होता. नवरा डॅलिन सोडला तर दिवस गेल्याचंच कुणाला ठाऊक नव्हतं, मग पडल्याचं कोण विचारणार? डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि रिकाम्या पोटी घ्यायच्या नाहीत म्हणून बजावलं.

पण आयडाहोतल्या त्या बटाट्याच्या गावात चर्चच्या यादीत ज्यानं एकदा नाव घातलं, त्याची सुट्टी संपली. त्यात डॅलिनच्या तोंडून नाही हा शब्द निघत नसे. शनिवारी सकाळी तो कुणाचं तरी घर हलवायला गेला आणि कपाटं उचलून पाठ धरून आला. दुपारी मॅरेन बायकांत गोधडीला लोकरीच्या गाठी मारत बसली. कुणी पोटुशी राहिली की बायका मिळून गोधडी करत. ही दुसऱ्या एकीच्या बाळाची. मॅरेननं खाली मान घालून चाळीस गाठी मारल्या. संध्याकाळी हॉलमध्ये पंगत, चीज घातलेले बटाटे आणि हिरवी लिबलिबीत जेली. ताटं उचलली आणि उपास लागला. महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळपर्यंत कुणी पाण्याचा घोटही घेत नाही. सूट फक्त लेकरांना, आजाऱ्यांना आणि पोटुश्या बायांना.

रविवारी चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना मॅरेन बाळांना पाजायच्या खोलीत शिरली. गोळी घेतली, पर्समधली चार बिस्किटं चावली. तेवढ्यात दार उघडलं. सिस्टर हॅच. त्या चर्चात प्रत्येक बाईला सिस्टरच म्हणत. ही सत्तरी उलटलेली, गोधड्यांची कारभारीण. तिनं बिस्किट बघितलं, मग मॅरेनचं पोट बघितलं, डोळा मिचकावला आणि दार हळूच ओढून घेतलं.

प्रार्थना सुटली तेव्हा बातमी त्यांच्या आधी गाडीपाशी जाऊन उभी.

"बाप हुनार म्हनून तिघांनी पाठीवर थाप मारली माझ्या," गाडी चालवता चालवता डॅलिन म्हणाला.

"मग तू काय म्हनलास?"

"थँक यू म्हनलो."

"थँक यू?"

"त्वांडातनं गेलं. मानसं हसत हुती गं. तितं उभ्या उभ्या काय सांगू त्यास्नी?"

"घर हलवाय बोलवलं, व्हय. खुर्च्या मांडाय बोलवलं, व्हय. आता ह्यालाबी व्हय."

घरी येऊन मॅरेन बसली ती बसलीच. दुपारची गोळी तशीच राहिली.

चार वाजता सिस्टर हॅच दारात. हातात लोकरीचे तीन गुंडे. "तुझ्या बाळाच्या गोधडीला पिवळा घिऊ का हिरवा? आत्ताच ठरीव पोरी, मागनं माझ्या मागं लई कामं असत्यात."

डॅलिन गॅरेजकडं सटकायला निघाला.

"थांब," मॅरेन म्हणाली. "थँक यू मी न्हाई म्हनले. तू सांग."

डॅलिननं एकदा जमिनीकडं बघितलं, एकदा लोकरीकडं. "सिस्टर हॅच, गोधडी नको. गुरुवारी... गेलं ते."

म्हातारीनं गुंडे पिशवीत घातले. एक घरंगळत खुर्चीखाली गेला, तो वाकून काढायला तिला वेळ लागला.

"तुझी पाठ थोपटली त्या तिघांस्नी कोन सांगनार?" तिनं विचारलं.

"मी," डॅलिन म्हणाला.

"मग आत्ताच जा. सहाला उपास सुटंल. खाया बसलं की मानसांची त्वांडं लई चालत्यात."

तो बाहेर गेला. म्हातारी मॅरेनकडं वळली. "पयलं मीच बोलले. माझ्या जिभंला हाड न्हाई." मग टेबलावरची गोळ्यांची डबी उचलून वाचली आणि म्हणाली, "दुपारची गोळी घेतलीस?"

मॅरेननं मान हलवली. नाही.

म्हातारीनं न विचारता तवा शेगडीवर ठेवला, चार अंडी फोडली, दोन ताटल्या मांडल्या.

"तुमचा उपास हाय न्हवं?"

"माझा सकाळीच मोडला, दार उगडून गावभर बोंबलत गेले तवाच. खा गप."

दोघी खायला लागल्या. बाहेर डॅलिनची गाडी सुरू झाली, पण बराच वेळ ती जागची हलली नाही.