अक्कांचे धक्के

हे मी आजवर तोंडाबाहेर काढलेलं नाही. यांच्याजवळ नाही, माझ्या आईजवळ नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही नाही — तिथे मी दुसरंच काहीतरी पुटपुटत राहते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही अक्कांना पाहिलेलं नाही.

अक्का म्हणजे माझी नणंद. सासूबाई लवकर गेल्या, यांना अक्कांनीच वाढवलं. असोद्याला दिलेल्या, मूलबाळ नाही. नवरा वारल्यावर हे त्यांना जळगावात मेहरूणला आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. वाईट होत्या का त्या? नाही. तेच तर — वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी शाळेतून यायच्या आत सगळं आवरून ठेवायच्या. आणि हे जेवताना म्हणायचे, अक्काच्या हाताची चवच वेगळी. रोज म्हणायचे. माझ्याच स्वयंपाकघरात मी पाहुणी झाले. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. नाही सापडलं.

एका दुपारी जमीन हलली. फार नाही — मांडणीवरच्या ताटल्या वाजल्या, पंखा झुलला, संपलं. सातपुड्याकडे कुठेतरी केंद्र होतं म्हणे. अक्का अनवाणी जिन्याने दोन मजले उतरल्या आणि खाली फाटकाशी रडत बसल्या. मी शाळेत शिकवणारी, भूकंपाचं प्रशिक्षण घेतलेली बाई. त्यांना वर आणलं आणि शिकवलं. हलत असताना जिन्याकडे पळायचं नाही. टेबलाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, टेबलाचा पाय घट्ट धरायचा. थांबलं की चपला घालायच्या, गॅस बंद करायचा, मग मोकळ्या जागेत जायचं. एक पिशवी भरून दिली — पाणी, बॅटरी, त्यांच्या बीपीच्या गोळ्या आणि एक शिट्टी. कुठे अडकलं तर ओरडून दम घालवू नका, ही वाजवा, म्हटलं. अक्कांनी ती शिट्टी दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. माझा प्रत्येक शब्द त्यांनी खरा धरला.

आठवड्याभराने असेल. मला सुट्टी होती, हे दालमिलवर गेलेले. अक्का लोखंडी खाटेवर दुपारच्या पडल्या होत्या. मी वाळलेले कपडे घेऊन जवळून जात होते आणि जाता जाता गुडघ्याने खाटेला — कसं सांगू — धक्का दिला. चुकून नाही. लगेच दारापाशी जाऊन घड्या घालत उभी राहिले.

अक्का धडपडत उठल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी रांगत टेबलाखाली शिरल्या, पाय धरून डोळे मिटून बसल्या. मी विचारलं, काय झालं?

"हाललं ना वं, सुनंदा?"

"काही नाही हाललं, अक्का."

मला बरं वाटलं. खाट हलवली हे एक वेळ कुणाला सांगताही आलं असतं. बरं वाटलं, हे कुणाला सांगणार?

मग मी ते करत राहिले. रोज नाही — रोज केलं असतं तर लक्षात आलं असतं. कधी खाट, कधी त्या टेकून बसल्या असतील ती खुर्ची. संध्याकाळी मी यांना हळूच सांगायचे, आज पुन्हा अक्कांना धक्के जाणवले. हे आधी हसले. मग डॉक्टरकडे घेऊन गेले. गोळ्या सुरू झाल्या, अक्का दिवसभर सुस्त राहू लागल्या. भाकरी करपू लागली. गळ्यातली शिट्टी त्यांनी आपणहून काढून ठेवली. आता काही वाटलं तरी त्या उठत नव्हत्या, आधी मला विचारायच्या. मी नाही म्हटलं की मान डोलवायच्या. स्वतःवरचा भरवसा माणसाकडून असा काढून घेता येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आणि मग एका दुपारी खरोखर हललं. अक्का कपाटाशी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी टेबलाखाली कधी शिरले, माझं मलाच कळलं नाही. तिथून मला दिसत होतं — परातीतले दाणे थरथरत होते. अक्का माझ्याकडे बघत होत्या.

"खरंच हालतं का वं?"

एक शब्द पुरला असता. मी काय म्हटलं सांगू?

"नाही अक्का. माझं कानातलं पडलंय, ते शोधतेय."

त्यांनी मान खाली घातली आणि पुढची शेंग उचलली. कपाटावरचं पितळी घंगाळ त्यांच्या खांद्यावर आलं. जड वस्तू उंचावर ठेवू नयेत, हे मी मुलांना फळ्यावर लिहून देते.

खांद्याचं हाड मोडलं. दवाखान्यात हे त्यांना म्हणाले, अक्का, आज खरंच भूकंप होता गं, सगळ्या जळगावला जाणवला. अक्का बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. हे औषधं आणायला गेले, तेव्हा त्यांनी विचारलं, "कानातलं सापडलं का?"

मी हो म्हटलं.

भावाजवळ त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मले असोद्याले नेऊन घाल, एवढाच धोशा लावला. पुतण्याकडे दीड वर्षं राहिल्या. हात शेवटपर्यंत वर उचलला गेला नाही. दहाव्याला मी पुढे बसून रडले. बायका म्हणाल्या, नणंद-भावजयीचं असं प्रेम कुठे पाहायला मिळत नाही.

हे मात्र अजून सावरलेले नाहीत. जेवता जेवता थांबतात. म्हणतात, मी त्या गोळ्या सुरू केल्या म्हणून तिला उठता आलं नाही, माझ्यामुळे झालं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवते आणि म्हणते, तुमचा हेतू तर चांगलाच होता ना.

काल रात्रीच्या जेवणालाही तेच म्हणाले. मीही तेच म्हटलं, आणि त्यांच्या ताटात आमटी वाढली.