घरटी सारखी वर्गणी

मोताळ्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या सडकेवर केसरबाई गिट्टी फोडायची. नवरा माणिकराव दम्यानं खाटेला खिळलेला, पोरगी चौथीत. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. गावात शाळेच्या पक्क्या खोल्या बांधायचं ठरलं. गावानं आपला वाटा उचलला, तर बाकीचा पैसा सरकार देणार होतं.

शाळा समितीचे अध्यक्ष उत्तमराव, गावातले सगळ्यात मोठे जमीनदार. त्यांनी फर्मान काढलं : ज्याचं लेकरू शाळेत, त्या प्रत्येक घरानं सारखीच वर्गणी द्यायची. जमीनदारानं जेवढी, तेवढीच मजुरानं.

केसरबाई त्यांच्या ओट्याशी गेली. "पाटील, पैसा नाई. खोल्यायसाठी गिट्टी फोडून देतो."

"गिट्टी फोडाले दुसरे हायेत. पैसा नसन तं पोट्टीले घरी ठेव."

तिनं पोरगी घरी ठेवली नाही. मग एका दुपारी शेषराव कुऱ्हाडीचा दांडा घेऊन दारात आला. हा दोन एकरवाला, उत्तमरावांच्या सांगण्यातला. वर्गणीपोटी न्यायला त्यानं खुंट्याची बकरी सोडली. केसरबाईनं दोर धरला. ओढाताणीत बकरीला फास बसला आणि ती पाय झाडत तिथंच मेली. केसरबाई त्याच्या मनगटाला कडकडून चावली. त्यानं दांडा घातला. तिचा उजवा हात कोपराखाली मोडला. माणिकराव उठायला गेला तो खोकत उंबऱ्यावर पडला.

तिनं डाव्या हातानं हातोडा उचलून शेषरावाच्या गुडघ्यावर हाणला. तो कोसळला. तिनं पुन्हा उगारला, आता डोक्यावर.

"मार!" तो ओरडला. "माह्यीबी वर्गणी बाकीच हाय. तुही बकरी नेली असती तं पाटील माह्यी माफ करणार होते."

हातोडा हवेतच राहिला. "त्याच्यासाठी माह्या हात मोडला बे?"

तिला त्याची दया आली नाही. पण ह्याचं डोकं फोडून काही होणार नाही, एवढं तिला कळलं.

जमलेल्या माणसांकडून तिनं त्याला बैलगाडीत घालून घेतलं, मेलेली बकरी शेजारी टाकली आणि मोडका हात पदरात बांधून गाडीपुढं चालत शाळेवर गेली. समिती बसलीच होती.

"मले सांगितलं तेच सांग," ती शेषरावाला म्हणाली.

त्यानं सांगितलं. उत्तमरावांनी पुढं येऊन त्याच्या थोबाडीत मारली. मग गाडीमागं आलेले लोक उसळले. वर्गणी थकलेले बाप पुष्कळ होते. खुर्च्या मोडल्या, कुणाचा तरी दगड उत्तमरावांच्या कपाळावर बसला, सदरा रक्तानं भिजला. आवरायला गेलेल्या गुरुजींनीही मार खाल्ला.

दगड कुणी मारला, ते पोलिसांना गावानं सांगितलं नाही. वर्गणी जमिनीच्या मानानं बसली. बिनजमिनीच्यांनी अंगमेहनत द्यायची ठरली. केसरबाईचा हात वाकडाच जुळला, सडकेचं काम सुटलं. शेषराव लंगडा झाला.

खोल्या उभ्या राहिल्यावर तो तिच्या दाराशी आला. "केसरबाई, झालं गेलं इसरशीन का?"

"नाई," ती म्हणाली. "पण तुही आन् माह्यी पोट्टी एकाच वर्गात हायेत. त्यायच्यात हे आनू नको."