पावण्यांचं निव्वळ वजन

आम्ही कुत्रं पाळलं नव्हतं. ते आलं आणि राहिलं. मार्केट यार्डात अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गुळाची अडत होती. एक दिवस ते दुकानाच्या पायरीवर येऊन बसलं. अप्पा म्हणाले, "काय पावणं, गाव कुठलं?" त्यानं शेपूट हलवलं. झालं! त्या दिवसापासून ते पावणं आणि आम्ही त्यांच्या तैनातीला.

ही नव्वदीतली गोष्ट. तेव्हा आमच्याकडं जनावरांचा डॉक्टर म्हणजे म्हशींचा डॉक्टर. कुत्रं घेऊन निघालं की गल्लीतनं विचारायचे, "दूध किती देतंय ओ?" पण आमच्या डॉक्टरांना शिस्तीचा भारी सोस. प्रत्येक कुत्र्याचं कार्ड: तारीख, वजन, औषध. गोळी वजनावर ठरते, म्हणून दर महिन्याला वजन पाहिजे म्हणजे पाहिजेच. पहिल्याच दिवशी पावण्यांनी त्यांच्या काट्यावर तंगडी वर केली. वजन लिहून होतंय तोवर काटा बंद पडला. डॉक्टर वैतागून म्हणाले, "तुमच्या दुकानात मोठा काटा आहे ना? इथून पुढं तिथंच वजन करा आणि कार्डावर लिहून आणा."

तिथंच घोळ झाला.

कार्डावर पावणं वाळायला लागलं. डॉक्टरांनी जंताची गोळी दिली, मग लिव्हरचं सिरप, मग ताकदीसाठी बी-कॉम्प्लेक्स. अप्पा प्रत्येक गोळी लिंबाएवढ्या गुळात लपवून द्यायचे. पावणं गूळ खाऊन गोळी थुंकायचं, की अप्पा ती दुसऱ्या गुळात घालायचे. पावसाळा लागला आणि कार्डावरचं वजन एकदम खाली आलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "आतून काहीतरी पोखरतंय," ते म्हणाले. "मुंबईला न्यावं लागेल. पण मनाची तयारी ठेवा."

ज्यांचा सौद्यातला आवाज अख्ख्या यार्डात घुमायचा, ते अप्पा रिक्षात पावण्यांच्या कानाशी हळू आवाजात पुटपुटत राहिले. घरी येऊन जेवलेही नाहीत. 'कुत्रं चुलीपाशी न्हाय पायजे' म्हणणारी आई त्याच्या दुधात तूप घालायला लागली. मला मात्र राग यायचा. पावण्यांना रिक्षात चढवताना कंबरडं मोडायचं माझं, आणि ते कार्ड म्हणतंय वाळलंय!

"अप्पा, हे फुगलंय की ओ!"

"सूज असंल," अप्पा म्हणाले आणि टॉवेलनं डोळे पुसले.

मुंबईला न्यायच्या आधी डॉक्टर स्वतः दुकानात बघायला आले. खंगलेलं जनावर म्हणून त्यांनी हलक्या हातानं पावण्यांना उचलायला घेतलं आणि "आई गं!" करून कमरेवर हात ठेवून तिथंच वाकून राहिले. म्हणाले, "माझ्यासमोर वजन करा." पावणं सवयीनं आपणहून काट्यावर चढलं. अप्पांनी काटा बघितला आणि सौद्याच्या आवाजात पुकारलं, "पस्तीस! साखळी एक किलो वजा, कडता एक किलो वजा, पावसाळ्याची ओल दोन किलो वजा, लिवा एकतीस!"

"वजा?" डॉक्टर ओरडले. "वजा कशाचं?"

"म्हंजे? सगळा बाजार धरतोय की! कडता न धरता वजन सांगायचं म्हंजे लबाडीच की!"

गुळात पाणी असतं, कचरा असतो, म्हणून वजनातनं थोडं कापायचं, तो कडता. पावसात गुळाला पाणी सुटतं, तेव्हा आणखी कापायचं. अप्पांनी जन्मभर तेच केलं होतं, पावण्यांनाही त्यातनं सूट नव्हती.

डॉक्टर तिथल्याच एका पोत्यावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग भडकले. सगळी औषधं कार्डावरनं खोडली आणि म्हणाले, "याला एकच रोग आहे, लठ्ठपणा. गूळ बंद!" अप्पांनी भर बाजारात पावण्यांना मिठी मारली. "जगतंय, माझं पावणं जगतंय!" आणि त्याच आनंदात गुळाचा खडा त्याच्या तोंडात घातला. डॉक्टरांनी हात जोडले.

पुढं बरीच वर्षं पावणं आमच्यात राहिलं. डॉक्टरांकडं नवा इलेक्ट्रॉनिक काटा आला, तरी वजन दुकानातच व्हायचं. शेवटी शेवटी त्याला काट्यावर चढता येईना. मी उचलून ठेवलं, आणि या वेळी कंबर अजिबात दुखली नाही. गूळ पुढं केला तर त्यानं नुसता हुंगला.

अप्पा चष्मा लावून किती तरी वेळ काट्याकडं बघत राहिले. मी कार्ड धरून उभी होते. काट्यावरचा आकडा मलाही दिसत होता.

"साखळी न्हाय, कडता न्हाय, ओल बी न्हाय," अप्पा अगदी हळू म्हणाले. "वर दोन किलो धर. लिव."

मला रडू आवरेना. तसंच लिहिलं.